सातासमुद्रापार मालवणी जेवण कसं जमवायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शारजात नऊ वर्षं आणि लेस्टरला सात वर्षं काढून आम्ही दोघं देवगडला परतलो, पण फोन काही थांबले नाहीत. भाची मेलबर्नला, पुतण्या कुवेतला, शेजारची सून न्यू जर्सीला. ख्यालीखुशाली झाली की पुढचा प्रश्न ठरलेला: "काकी, हंय तिरफळां खंय गावतली?" म्हणजे माशांच्या कालवणात टाकायचा तो मसाला, तिरफळं, इथे कुठे मिळतील? तीच तीच उत्तरं देऊन जीभ दमली, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

भारतीय दुकानात आपलं काहीच कसं मिळत नाही?

कारण ते दुकान आपल्यासाठी मांडलेलंच नसतं. पाटीवर 'इंडियन' लिहिलेलं असलं तरी मालक बहुतेक वेळा पंजाबी नाहीतर गुजराती. राजमा, कसुरी मेथी, खाकरे, लोणच्यांच्या बरण्या, सगळं असतं. मासळीच्या नावाने मात्र शंख. त्याला तरी काय बोल लावायचा? तो त्याच्या गिऱ्हाइकाचं बघणार. लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर मी पहिले सहा महिने पिशवी घेऊन हिंडले आणि दर खेपेला तूरडाळ घेऊन परत आले. शेवटी बसस्टॉपवर भेटणाऱ्या एका मल्याळी नर्सने मला तिच्या दुकानात नेलं. फ्रीझर उघडला तर आत बांगडे! बाजूला खवलेला नारळ, खाली उकड्या तांदळाची पोती. मी त्या फ्रीझरसमोर किती वेळ उभी होते ते तीच सांगू जाणे.

तेव्हापासून माझा एकच सल्ला आहे. आपल्या जेवणाचं गणगोत किनाऱ्याकिनाऱ्याने पसरलंय, तेव्हा दुकान शोधायचं ते किनाऱ्यावरच्या माणसांचं. केरळ, श्रीलंका, बांगलादेश, थायलंड, फिलिपिन्स, इतकंच काय कॅरिबियन बेटंसुद्धा. लंडनमध्ये असाल तर केरळी आणि तमिळ दुकानांसाठी ईस्ट हॅम, बांगलादेशींसाठी व्हाइटचॅपल, कॅरिबियन भाजीसाठी ब्रिक्स्टन. टोरांटोवाल्यांनी स्कारबरोची तमिळ दुकानं धुंडाळावीत. दुबईत करामा आहेच.

तिरफळं कुठे मिळतील?

नेमकी आपलीच तिरफळं बाहेर क्वचित दिसतात. पण त्यांची सख्खी भावंडं जगभर आहेत. चिनी दुकानात 'सिचुआन पेपर' म्हणून जे मिळतं, चिनी लोक ज्याला हुआजिआव म्हणतात, ते तिरफळाच्याच कुळातलं. नेपाळी दुकानातला टिमुर तोच, जपान्यांचा सान्शोही तोच. फळाचं टरफल वापरायचं आणि आतली काळी बी टाकून द्यायची, ही रीतसुद्धा सगळीकडे सारखी.

फरक आहे तो मात्रेचा. चिनी दाणा बारीक असतो आणि जिभेला मुंग्या आणण्यात आपल्या तिरफळापेक्षा वरचढ. बांगड्याच्या तिखल्यात आपण आठ-दहा तिरफळं ठेचून टाकतो. त्याच्या जागी चिनी दाण्यांची चिमूटभर पुरे. तीही शेवटी टाका, वाटणात घालू नका. मी एकदा वाटणात घातली होती. आमचे हे जेवून उठले आणि अर्धा तास बोबडं बोलत होते.

अमेरिकेतल्या जुन्या लोकांना हे फारसं दिसलं नसेल, याला कारण आहे. लिंबूवर्गीय झाडांचा कँकर रोग या दाण्यांबरोबर येईल या भीतीने तिथे 1968 पासून त्यांच्या आयातीला बंदी होती. 2005 साली ती उठली, पण दाणे तापवून निर्जंतुक केलेले असायला हवेत, या अटीवर; 2007 पासून ती अटही गेली. 

गुजराती दुकानातलं कोकम आपलंच का? आणि केरळी दुकानातलं ते काळं?

गुजराती दुकानातलं आपलंच. तेही आमटीत कोकम घालतात. ओलसर, काळपट, मीठ लागलेलं असेल ते घ्या. पाकीट दाबून बघा: चामड्यासारखं लवलं पाहिजे. कडकडीत वाळलेलं असेल तर ते फळीवर किती दिवाळ्या बघून आलंय, देव जाणे. पाण्यात टाकल्याटाकल्या लालभडक रंग सुटला तरी शंका घ्या. खरं आमसूल सावकाश, जांभळटाकडे झुकणारा रंग सोडतं.

केरळी दुकानातलं काळं ते कुडमपुळी. कोकमाचा चुलतभाऊ म्हणा, पण झाड वेगळं. त्याला धुराचा वास असतो. माशाच्या कालवणात छान लागतं, सोलकढीत मात्र चुकूनही घालू नका. रंग तर येत नाहीच, वर नारळाच्या दुधाला चुलीचा वास.

सोलकढीसाठी आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, न्यायचं असेल तर बाटली चेक-इनच्या बॅगेत, झाकणाला मेण लावून, दोन पिशव्यांत बांधून. माझी एक बाटली प्रवासात फुटली आणि यांचे चार पांढरे शर्ट कायमचे गुलाबी झाले. कोकमाचा डाग जात नाही, हे मी कोकणात जन्मून विसरले होते.

मासे तेच असतात का? नावंच कळत नाहीत.

पुष्कळदा तेच असतात, नावं मात्र दुकानागणिक बदलतात. केरळी दुकानात बांगड्याला अयला म्हणतात, तारलीला मत्ती किंवा चाळा, सुरमईला नेयमीन, पापलेटला आवोली. तमिळ दुकानात सुरमईची वंजरम होते आणि पापलेटचं वव्वाल. बांगलादेशी पापलेटला रूपचांदा म्हणतात. आखातात सुरमई ती कनाद, पाटीवर किंगफिश. पापलेट तिथे झुबैदी, आणि कुवेती माणूस झुबैदीवर असा जीव टाकतो की आपला पुतण्या तिथे सुखात आहे यात नवल नाही. शारजाला असताना आम्ही शुक्रवारी सकाळी सूक अल जुबैलला जायचो. तिथला मासे कापणारा आधी विचारायचा, "मसाला फ्राय की करी?" त्यावरून तुकडी जाड की पातळ ते ठरवायचा. असा माणूस पुढे इंग्लंडात मिळाला नाही.

ऑस्ट्रेलियावाल्यांनी एक गोष्ट गाठीशी बांधावी: तिथे किंगफिश मागितलात तर भलताच मासा हाती पडेल. सुरमईच्या जातीचा हवा असेल तर 'स्पॅनिश मॅकरेल' म्हणा. तिथला 'व्हाइटिंग' म्हणजे आपल्या मुडदुशाच्या घरातला, रव्यात घोळवून तळलात तर गावच आठवेल. आणि ते लोक ज्याचं एवढं कौतुक करतात तो बारामुंडी म्हणजे आपला जिताडा. हे कळल्यावर माझ्या पेणच्या जावेने भाचीला फोन करून खात्री करून घेतली.

रावसाला इंग्रजीत 'इंडियन सामन' म्हणतात म्हणून सामन आणून कालवण करणारे मी पाहिलेत. रावस आणि सामन यांचा काही संबंध नाही. सामनला स्वतःची चरबी आणि स्वतःचा वास. नारळाच्या वाटणात तो बुजतो. ब्रिटनमधलं ताजं मॅकरेल बांगड्याला पुष्कळ जवळचं, फक्त जास्त तेलकट. तळताना तेल निम्मं घ्या, आंबट थोडं वाढवा.

आणि हो, इंग्लंडात मासेवाला न विचारता काटा काढून देतो. डोकं आणि मधला काटा हवाय म्हणून आधीच सांगा. कालवणाला चव तिथूनच येते, आणि तो ते फुकटही देऊन टाकतो.

बोंबील?

बांगलादेशी दुकान. फ्रीझरमध्ये 'लोइट्टा' लिहिलेलं पाकीट म्हणजे ओले बोंबील, आणि 'लोइट्टा शुटकी' म्हणजे सुके. हाँगकाँगला असाल तर चक्क ताजे मिळतील. तिथे त्याला 'नऊ पोटांचा मासा' म्हणतात आणि पीठ-मीठ लावून कुरकुरीत तळतात.

सुक्या बोंबलाने युरोपात एक वनवास भोगलाय. 1997 मध्ये युरोपीय आयोगाने त्याच्यावर बंदी घातली. मासे मान्यताप्राप्त कारखान्यातूनच आले पाहिजेत असा नियम, आणि आपला बोंबील वाळणार बांबूच्या वलांडीवर, उघड्या उन्हावाऱ्यात. त्याने कुणी आजारी पडल्याचं उदाहरण कुणाकडेच नव्हतं. ब्रिटनमधल्या खवय्यांनी आरडाओरडा केला, आणि शेवटी वाळवा उघड्यावर पण पाकिटं मान्यताप्राप्त ठिकाणी भरा, असा तोडगा निघाला.

फ्रीझरमधले ओले बोंबील पाणी फार सोडतात. मधोमध चिरून, मीठ लावून, दोन पाटांमध्ये कापडात गुंडाळायचे आणि वर वजन ठेवायचं. पाटा-वरवंटा नसेल तर जाड पुस्तकं चालतात. वाचायची राहिलेली घ्या.

नारळाचं काय करायचं?

केरळी किंवा फिलिपिनो दुकानातला गोठवलेला खवलेला नारळ घ्या आणि निश्चिंत व्हा. डब्यातल्या दुधाच्या मागचा मजकूर वाचा. त्यात नारळ आणि पाणी एवढंच असेल तर उत्तम. ग्वार गम घातलेलं दूध सोलकढीत खळीसारखं लागतं. सुक्या खोबऱ्याच्या वाटणासाठी किसलेलं खोबरं घेताना साखर घातलेलं नाही ना, ते तपासा. अमेरिकेत केकच्या सामानात जे ठेवतात ते हमखास गोड असतं. शेजारच्या सुनेने त्याचं वाटण करून कोंबडीचा रस्सा केला होता. नवऱ्याने मुकाट्याने खाल्ला म्हणे.

उकडा तांदूळ, शिरवाळ्यांचं पीठ, मोदकाचं पीठ?

पेजेसाठी केरळी मट्टा तांदूळ. दाणा जाडा, अंगावर तांबूस रेघा, शिजायला वेळ घेतो पण पेज अशी होते की लोणच्याच्या फोडीशिवाय दुसरं काही लागत नाही. शिरवाळ्यांसाठी, म्हणजे तांदळाच्या शेवयांसाठी, श्रीलंकन दुकानातलं लाल तांदळाचं पीठ आणा. त्यांचे 'स्ट्रिंग हॉपर्स' म्हणजे आपले शिरवाळेच, आणि साचाही त्याच दुकानात मिळतो. नारळाचा गोड रस मात्र आपला आपण करायचा.

मोदकाच्या पिठात सगळ्यांची फसगत होते. थाई दुकानात तीन तोंडांच्या हत्तीचं चित्र असलेली पाकिटं असतात, सगळी एकसारखी. लाल अक्षरांचं साधं तांदळाचं पीठ, हिरव्या अक्षरांचं चिकट तांदळाचं. पहिल्या गणपतीला मी हिरवं आणलं. उकड परातीला, हाताला, उलथन्याला चिकटली, आणि मोदकपात्र उघडलं तर अकरा मोदकांचा एक गोळा. बाप्पाने चालवून घेतलं. पुढल्या वर्षी लाल पाकीट, पिठाएवढंच पाणी, त्यात चमचाभर तूप आणि मीठ; पाकळ्या अगदी कागदासारख्या आल्या. चिकट पिठाचा एखादा चमचा त्यात मिसळला तर मोदक फुटत नाहीत, हे मात्र त्या फजितीतूनच शिकले.

अळू, माठ, फणस, हळदीची पानं?

अळूची पानं गुजराती दुकानात पात्र्यासाठी, म्हणजे त्यांच्या अळुवडीसाठी, येतात. त्रिनिदादी लोक 'कललू' म्हणतात तेही अळूच. पण जमैकन दुकानात कललूचा डबा घेतलात तर आत माठ निघेल! दोन बेटं, एकच नाव, दोन भाज्या. मला माठच हवा होता, त्यामुळे माझं काही बिघडलं नाही.

नीरफणस ब्रिक्स्टनसारख्या कॅरिबियन बाजारात 'ब्रेडफ्रूट' म्हणून मिळतो. तिखट-मीठ लावून, रव्यात घोळवून काप तळा. पावसाळ्यात माशांवाचून दिवस काढायची आपली युक्ती तिथेही लागू पडते. कुयरीच्या भाजीसाठी थाई दुकानातला कोवळ्या फणसाचा डबा, मिठाच्या पाण्यातला. साखरेच्या पाकातला नको. दोनदा धुवा, हाताने कुस्करा. शेवग्याचा पाला फिलिपिनो दुकानात 'मलुंगाय' नावाने, केळफूल व्हिएतनामी दुकानात.

हळदीच्या पानांसाठी मलेशियन-इंडोनेशियन दुकान बघा, ते लोक रेंडांग नावाच्या मांसाच्या पदार्थात घालतात. मी मात्र दुकानातूनच ओली हळकुंडं आणून मार्चमध्ये कुंडीत पुरली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. दोन महिने काही नाही. हे म्हणाले, टाकून दे. मे संपता संपता हिरवी सुरळी वर आली आणि गौरीच्या दिवशी सात पानं कापली. हातभर लांबीची नव्हती, पातोळे चिमुकले झाले. पण झाकण उघडल्यावर जो वास आला, त्याने वरच्या मजल्यावरची पोलिश बाई खाली आली.

मालवणी मसाला बरोबर नेला तर चालेल का?

हा प्रश्न नीट वाचा. आपल्या पुष्कळ घरांत मालवणी मसाल्यात खसखस असते. संयुक्त अरब अमिराती आणि सौदीत खसखशीची गणना अमली पदार्थांत होते. चिमूटभर सापडली तरी विमानतळावर अडकू शकता, आणि "आईने दिलाय" हे तिथे उत्तर होत नाही. सिंगापूरमध्येही खसखस नेऊ नका. आखातात जाणाऱ्यांसाठी मसाला वेगळा भाजा, बिनखसखशीचा, आणि त्यासाठी वापरायचा मिक्सर आधी धुऊन घ्या. मी नऊ वर्षं तसाच नेला. चवीत फरक ओळखणारा अजून भेटलेला नाही.

बॅगेत आणखी काय न्यावं, काय नेऊ नये?

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नेऊ नका. त्यातल्या तेलामुळे त्या ज्वालाग्राही धरतात आणि विमानतळावर काढून घेतात. अमेरिकेला तांदूळ आणि हरभरे नेऊ नका. खाप्रा नावाच्या धान्यकिड्याच्या धास्तीने भारतासह बऱ्याच देशांतून येणाऱ्या प्रवाशांना तिथे ते आणता येत नाहीत. युरोप आणि ब्रिटनमध्ये मांस आणि दुधाचे पदार्थ वर्ज्य, म्हणजे पेढे आणि तूपही आलं. मासळीला मात्र 20 किलोपर्यंत मुभा आहे, तेव्हा सुके बांगडे आणि सोडे बिनधास्त. मालवणी खाजंही जातं. बेसन, गूळ, आलं, त्यात दुधाचा थेंब नाही. ऑस्ट्रेलियात खाण्याची प्रत्येक वस्तू कार्डावर लिहून जाहीर करा. जाहीर केलेली फार तर काढून घेतील, लपवलेलीला दंड होतो. नियम बदलतात, निघण्यापूर्वी त्या देशाच्या कस्टमचं पान एकदा वाचा.

बाहेर मिळणारा हापूस खरा असतो का?

माझ्या दारात कलमं आहेत, त्यामुळे माझं मत पक्षपाती धरा. अमेरिकेने 2007 साली भारतीय आंबा पुन्हा घ्यायला सुरुवात केली, तो किरणोत्साराची मात्रा दिलेलाच लागतो. युरोपीय संघाने 2014 च्या मे महिन्यात फळमाशीमुळे ऐन हंगामात बंदी घातली आणि पुढच्या हंगामाआधी उठवली. ते वर्ष इथल्या बागायतदारांना चांगलंच लक्षात आहे. 2018 पासून रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांच्याच हापूसला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा पेटीवर नुसतं 'अल्फान्सो' न वाचता जिल्हा वाचा. देठाजवळ वास घ्या. वास नसेल तर पैसे खिशात ठेवा. एरवी 850 ग्रॅमचा रसाचा डबा वाईट नाही, फक्त केशर की हापूस ते बघून घ्या आणि वरून साखर घालू नका, आधीच असते.

मासे तळले की शेजारी कुरकुरतात, स्मोक अलार्म वाजतो. काय करू?

अलार्म माझाही वाजलाय. सुके बोंबील भाजत होते, अख्खी इमारत खाली उतरली, जानेवारीत. तेव्हापासून सुकी मासळी ओव्हनमध्ये, खिडकी उघडी, आणि शेजाऱ्यांना आधीच सांगून. मसाला भाजायचा असेल तर गावातूनच भाजून न्या. बाकी कुरकुर ताटलीभर कोलंबी नेऊन दिली की थांबते.

उलटं विचारू? मुलं गावी आली की त्यांना तिकडचं खावंसं वाटतं.

माझी नातवंडं तशीच. हमस घरी होतं; काबुली चणे भिजवायचे, तीळ हलके भाजून तेलाबरोबर गुळगुळीत वाटायचे, लिंबू. शारजाची काळी वाळलेली लिंबं, लूमी, मी इथल्याच लिंबांची करून बघितली: मिठाच्या पाण्यात उकळून उन्हात पंधरा दिवस. बरी झाली.

धाकट्याला मात्र फिश अँड चिप्स लागतात. लंडनकडे काही चिप्सवाले 'रॉक सामन' म्हणून जो मासा देतात तो छोट्या शार्कच्या जातीचा, म्हणजे आपल्या मोरीचा भाऊबंद. ऑस्ट्रेलियातलं 'फ्लेक' तेही तेच. मग काय, बंदरावरून मोरी आणली, मैद्यात थंडगार सोडा घालून बुडवली आणि तळली. मोरीचं मटण सोडून हे काय चाललंय, म्हणून मासेवाली दारातच बसून बघत राहिली. धाकट्याने दोन तुकडे संपवले आणि माल्ट व्हिनेगर मागितलं. ते देवगडात कुठून आणू? लेकीला सांगितलं, पुढच्या खेपेला दोन बाटल्या घेऊन ये. आणल्या तिने. एक बॅगेत फुटून आली.